'काका, हे खरं नाही' असं कसं सांगावं?

2018 साली देशभरातल्या मोबाइलवर एक व्हिडिओ फिरत होता. गल्लीत मुलं क्रिकेट खेळताहेत. मोटारसायकलवरून दोघे जण येतात, त्यातला एक जण एका मुलाला उचलतो आणि गाडी सुसाट निघून जाते. सोबत मजकूर असा की, आपल्या भागात मुलं पळवणारी टोळी उतरली आहे, सावध राहा, सगळ्यांना कळवा. हा व्हिडिओ मुळात कराचीतला होता. मुलांच्या सुरक्षिततेसाठी काम करणाऱ्या एका संस्थेने तो जनजागृतीसाठी बनवला होता. मूळ व्हिडिओत तेच मोटारसायकलवाले परत येतात, मुलाला खाली उतरवतात आणि एक फलक उघडून दाखवतात. मूल पळवायला एक क्षण पुरतो, अशा अर्थाचा मजकूर त्यावर असतो. आपल्याकडे फिरलेल्या व्हिडिओत हा शेवट कापून टाकलेला होता.

त्याच वर्षी 1 जुलैला धुळे जिल्ह्यात, साक्री तालुक्यातल्या राईनपाडा गावात आठवडी बाजाराच्या दिवशी पाच जणांना जमावाने ठेचून मारलं. नाथपंथी डवरी गोसावी समाजाची, भिक्षा मागून जगणारी ही माणसं होती. 'मुलं पळवणारे आले' एवढ्या संशयावर त्यांना ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडून मारहाण झाली. त्या सुमारास मालेगावातही याच संशयावरून जमावाने घेरलेल्या एका कुटुंबाला पोलिसांनी कसंबसं वाचवलं.

असे मेसेज पुढे पाठवणाऱ्यांमध्ये गुन्हेगार किती असतील? बहुतेक जण आईबाप होते, शेजारी होते, शाळेच्या ग्रुपमधले पालक होते. आपण चार जणांना सावध करतोय, असंच त्यांना वाटत होतं. खोट्या माहितीवरचं गेल्या अनेक दशकांचं संशोधन वाचलं की हेच पुन्हा पुन्हा समोर येतं. ती पसरते ती काळजीतून, सवयीतून आणि घाईतून. म्हणून तिला आवर घालायला पंडित असण्याची गरज नाही. त्या ग्रुपमधलाच एखादा सभ्य माणूस वेळेवर बोलला, तरी बरंच काम होतं. तो माणूस तुम्ही कसे होऊ शकाल, हे या लेखात पाहू.

आधी भीती, मग अफवा

15 जानेवारी 1934 रोजी बिहारमध्ये मोठा भूकंप झाला. जमुना प्रसाद या मानसशास्त्रज्ञांनी त्यानंतर लोकांमध्ये फिरणाऱ्या अफवा गोळा केल्या. ज्या भागात धक्के जाणवले पण फारशी पडझड झाली नाही, तिथेही आणखी भयंकर संकटाच्या अफवा पसरल्या होत्या. चंद्रग्रहणाच्या दिवशी याहून मोठा भूकंप होणार, अशीही एक होती. पुढे अमेरिकेतल्या लिऑन फेस्टिंगर यांनी हा अभ्यास वाचला आणि ते चक्रावले. लोक स्वतःलाच घाबरवणाऱ्या गोष्टी का पसरवतील? त्यांना सुचलेलं उत्तर असं की, या लोकांच्या मनात भीती आधीच होती, पण समोर तिला कारण दिसत नव्हतं. अफवेने ते कारण पुरवलं. फेस्टिंगर यांचा मानसिक विसंगतीचा सिद्धांत 1957 मध्ये प्रसिद्ध झाला, त्याच्या मुळाशी बिहारमधल्या या अफवा आहेत.

याचा व्यवहारातला अर्थ असा. 'मुलं पळवणारी टोळी' असा मेसेज आला आणि तुम्ही नुसतं 'खोटं आहे' म्हणून मोकळे झालात, तर मेसेज खोडला जातो, पण त्यामागची भीती जागच्या जागी राहते. म्हणून आधी त्या भीतीला उत्तर द्या. 'मुलांची काळजी सगळ्यांनाच आहे. मी आपल्या ठाण्यात फोन करून विचारलं, अशी तक्रार आलेली नाही. कोणावर संशय आलाच तर 112 ला फोन करू, स्वतः कोणाला अडवू नका.' असं उत्तर दिलं की घाबरलेल्या माणसाच्या हाती करण्यासारखं काहीतरी राहतं. अर्थात ठाण्यात खरोखर फोन केला असेल तरच तसं लिहा.

ऐकून ऐकून खरं वाटू लागतं

एखादं विधान दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा कानावर पडलं की ते अधिक खरं वाटतं, हे 1977 मध्ये हॅशर, गोल्डस्टीन आणि टोपिनो या संशोधकांनी दाखवून दिलं. माहीतगार माणूस यातून सुटत असेल, असं आपल्याला वाटतं. लिसा फॅझिओ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2015 मध्ये नेमकं हेच तपासलं. त्यांच्या प्रयोगात वापरलेल्या विधानांपैकी एक आपल्याला हसू आणणारं आहे: स्कॉटलंडचे लोक नेसतात त्या आखूड, चुण्यांच्या वस्त्राला साडी म्हणतात. त्या वस्त्राचं खरं नाव ज्यांना माहीत होतं, त्यांनाही आधी एकदा वाचलेलं असं चुकीचं विधान पुढच्या वेळी थोडं अधिक खरं वाटलं. डोक्यात ज्ञान असतं, पण ओळखीचं वाक्य समोर आलं की ते तपासून पाहायचे कष्ट मन घेत नाही.

यातून दोन पथ्यं निघतात. पहिलं, चेष्टा करण्यासाठीसुद्धा खोटा मेसेज जसाच्या तसा पुढे टाकू नका. 'बघा लोक कशावर विश्वास ठेवतात' असं लिहून तुम्ही तो आणखी शंभर जणांच्या नजरेखालून घालता. दुसरं, दुरुस्ती लिहिताना सुरुवात खऱ्या गोष्टीने करा. खोट्याचा उल्लेख एकदाच आणि थोडक्यात येऊ द्या, आणि शेवट पुन्हा खऱ्या गोष्टीने करा. या विषयातल्या 22 संशोधकांनी मिळून 2020 मध्ये एक मार्गदर्शक पुस्तिका काढली, तिनेही हाच क्रम सुचवला आहे.

पसरवणारे मूठभर, बघणारे सगळे

खोट्या बातम्यांवरचं गेल्या दशकातलं सर्वाधिक गाजलेलं संशोधन 2018 मध्ये 'सायन्स' नियतकालिकात आलं. एमआयटीतल्या वोसोघी, रॉय आणि अराल यांनी 2006 ते 2017 या काळात ट्विटरवर फिरलेल्या सुमारे 1,26,000 बातम्यांचा माग काढला. खोटी बातमी पुढे पाठवली जाण्याची शक्यता खऱ्या बातमीपेक्षा 70 टक्क्यांनी जास्त निघाली. 1,500 लोकांपर्यंत पोचायला खऱ्या बातमीला सुमारे सहापट वेळ लागला. याला यांत्रिक खाती जबाबदार असतील, असा सगळ्यांचा अंदाज होता. पण ती वगळून हिशेब केला तरी निष्कर्ष बदलला नाही. हे काम माणसंच करत होती. खोटी गोष्ट नवीन वाटते, आश्चर्य आणि किळस जागवते, म्हणून बोट लगेच पुढे जातं.

पुढच्याच वर्षी आणखी दोन अभ्यास आले. अमेरिकेतल्या 2016 च्या निवडणुकीच्या वेळी ट्विटरवरच्या मतदारांपुढे आलेल्या खोट्या बातम्यांपैकी 80 टक्के अवघ्या एक टक्का लोकांच्याच वाट्याला आल्या होत्या, आणि अशा जवळजवळ 80 टक्के बातम्या शेअर करणारे तर 0.1 टक्काच होते. फेसबुकवरच्या दुसऱ्या अभ्यासात अशी एखादी तरी बातमी पसरवणारे 8.5 टक्के निघाले. मात्र 65 वर्षांवरच्या लोकांनी सर्वांत तरुण गटाच्या जवळपास सातपट अशा बातम्या पसरवल्या होत्या.

हे आकडे अमेरिकेतले आहेत. ते घेऊन घरातल्या आजी-आजोबांच्या मागे लागू नये. तरीही त्यातून घेण्यासारखं आहे. आपल्या ग्रुपकडे महिनाभर लक्ष देऊन पाहा. बरेचसे संशयास्पद मेसेज एकदोघांकडूनच येतात का? तसं असेल तर सगळ्या ग्रुपला उपदेश करण्यापेक्षा त्या एकदोघांशी निवांत बोलणं अधिक फळ देईल. सोसायटीतले निवृत्त काका सकाळी सहापासून फॉरवर्ड करत असतील, तर त्यामागे बहुधा रिकामा वेळ आणि चार माणसांच्या संपर्कात राहण्याची इच्छा असते. त्यांना चहाला बोलावून फोनवर फोटो कसा शोधायचा ते एकदा दाखवा. पुष्कळदा तेच पुढे ग्रुपचे पहारेकरी होतात.

पाठवण्याआधीचं अर्धं मिनिट

गॉर्डन पेनिकुक, डेव्हिड रँड आणि सहकाऱ्यांचा एक अभ्यास 2021 मध्ये 'नेचर'मध्ये आला. बहुतेक लोकांना खोटं पसरवायचं नसतं, खरं काय ते बऱ्याच अंशी ओळखताही येतं. पण शेअर करताना 'हे खरं आहे का' हा प्रश्न मनात येतच नाही, असा त्यांचा निष्कर्ष होता. त्यांनी ट्विटरवरच्या पाच हजारांहून अधिक लोकांना खासगी संदेश पाठवून एकाच मथळ्याबद्दल विचारलं: हा कितपत अचूक वाटतो? एवढ्यानेसुद्धा त्या लोकांनी नंतर शेअर केलेल्या बातम्यांचा दर्जा थोडा सुधारला. परिणाम फार मोठा नव्हता, पण उपाय फुकटचा आहे. फॉरवर्डच्या बाणावर बोट ठेवण्याआधी हाच प्रश्न स्वतःला विचारायची सवय लावा. त्यानंतर तीन गोष्टी पाहा.

पहिली, दुहेरी बाण. व्हॉट्सॲपने 2018 मध्ये भारतात एका वेळी पाचच ठिकाणी फॉरवर्ड करण्याची मर्यादा आणली. त्यानंतर पाच किंवा अधिक हातांतून आलेल्या मेसेजवर दोन बाणांची खूण दिसू लागली, आणि एप्रिल 2020 पासून असा मेसेज एका वेळी एकाच चॅटला पाठवता येतो. दोन बाण दिसले की समजावं, हा मेसेज ज्याने पाठवला त्याने तो लिहिलेला नाही आणि कोणी लिहिला हे त्यालाही ठाऊक नाही. मात्र खूण नाही म्हणून मेसेज खरा, असं समजू नका. मजकूर कॉपी करून नव्याने चिकटवला की खूण नाहीशी होते.

दुसरी, फोटो आणि व्हिडिओ. किरण गरिमेला आणि डीन एकल्स यांनी 2019 च्या लोकसभा निवडणुकीच्या आधी भारतातल्या राजकीय व्हॉट्सॲप ग्रुपमध्ये फिरलेली छायाचित्रं तपासली. त्यातली सुमारे 13 टक्के खोटी असल्याचं आधीच सिद्ध झालेलं होतं. त्यांत जुना किंवा भलत्याच ठिकाणचा फोटो नव्या मजकुरासह चिकटवण्याचा प्रकार ठळक होता. त्याला ना तंत्रज्ञान लागतं ना कौशल्य. पकडणंही तितकंच सोपं आहे. फोटो गुगल लेन्समध्ये टाका. व्हिडिओ असेल तर चेहरे किंवा पाट्या स्पष्ट दिसतील अशा जागी थांबवून स्क्रीनशॉट घ्या आणि तो शोधा. पाच वर्षांपूर्वीच्या बातमीत तोच फोटो सापडला, की विषय तिथेच संपला. पाट्यांवरची लिपी, गाड्यांचे नंबर, पोलिसांचे गणवेश हेही नीट पाहा. आपल्या तालुक्यातला म्हणून सांगितलेला पूर पुष्कळदा दुसऱ्याच देशातला निघतो.

तिसरी, बाहेर पडून तपासणं. स्टॅनफर्ड विद्यापीठात सॅम वाइनबर्ग आणि सारा मॅकग्रू यांनी इतिहासाचे दहा अभ्यासक, दहा व्यावसायिक तथ्यतपासनीस आणि 25 विद्यार्थी यांना अनोळखी संकेतस्थळं पारखायला दिली. विद्यार्थी आणि बरेचसे इतिहासकारही त्या पानावरच रेंगाळले. त्यांनी मांडणी पाहिली, बोधचिन्ह पाहिलं, 'आमच्याविषयी' वाचलं. तथ्यतपासनीसांनी मात्र ते पान लगेच बाजूला ठेवलं, दुसऱ्या खिडक्या उघडल्या आणि या संस्थेबद्दल इतर लोक काय म्हणतात ते शोधलं. त्यांचा निकाल लवकर लागला आणि बरोबरही निघाला. एखादं पान स्वतःबद्दल जे सांगतं त्यावरून त्याची परीक्षा करू नये, हा त्याचा धडा. मेसेजमधला मुख्य दावा चार-पाच शब्दांत गुगलवर टाका, पुढे 'फॅक्ट चेक' लिहा आणि दोन वेगळ्या ठिकाणी काय सापडतं ते पाहा. सरकारी योजनेचा दावा असेल तर पत्र सूचना कार्यालयाच्या (पीआयबी) फॅक्ट चेक विभागाने काही म्हटलंय का, हेही पाहावं; पण ते सरकारचंच खातं आहे, हे लक्षात असू द्यावं.

एवढं करायला वेळ नसेल, तर मेसेज पाठवू नका. न पाठवलेल्या मेसेजमुळे सहसा कोणाचं नुकसान होत नाही.

ग्रुपवर दुरुस्ती कशी करावी

आता खरी अवघड गोष्ट. मेसेज खोटा आहे हे तुम्हाला कळलं, पण पाठवणारे मोठे काका आहेत. बोलावं की गप्प बसावं?

सुमित्रा बद्रीनाथन आणि सिमॉन शोशार यांनी भारतातल्या वापरकर्त्यांवर याच प्रश्नाचा प्रयोग केला. लोकांना ग्रुपमधल्या संवादासारखी चित्रं दाखवली. काही चित्रांत कोणीतरी अफवेवर हरकत घेतलेली होती, काहींत नव्हती. हरकत घेतलेली दिसली की अफवेवरचा विश्वास कमी झाला. लक्षात ठेवण्यासारखं म्हणजे, हरकत कोणी घेतली आणि किती पुरावे दिले, याने फारसा फरक पडला नाही. 'मला हे खरं वाटत नाही' एवढं साधं म्हणणंही उपयोगी पडलं. लेटिशिया बोड आणि एमिली व्रागा यांच्या अमेरिकेतल्या अभ्यासातही दिसलं की दुरुस्तीचा फायदा तो संवाद नुसता वाचणाऱ्यांना होतो. काका ऐकतील न ऐकतील, पण ग्रुपमधले बाकीचे शंभर जण गुपचूप वाचत असतात. तुमचं उत्तर मुख्यतः त्यांच्यासाठी आहे.

'उलट सांगितलं की लोक आणखी हट्टाला पेटतात' हा समज आता बाजूला ठेवायला हरकत नाही. 2010 मध्ये नायहन आणि राइफलर यांच्या प्रयोगात तसं काही प्रमाणात दिसलं होतं आणि ती गोष्ट जगभर झाली. पुढे वुड आणि पोर्टर यांनी दहा हजारांहून अधिक लोकांवर 52 विषय घेऊन हेच तपासलं, तेव्हा असा उलटा परिणाम जवळपास कुठेच सापडला नाही. माणसं आपला पक्ष सोडत नाहीत, श्रद्धा सोडत नाहीत, पण नेमकी चूक दाखवली की ती बऱ्याचदा मान्य करतात.

एक खरं उदाहरण घेऊ. 2019 मध्ये गरम नारळपाणी प्यायल्याने कर्करोगाच्या पेशी मरतात, असा मेसेज मुंबईच्या टाटा मेमोरियल सेंटरचे तत्कालीन संचालक डॉ. राजेंद्र बडवे यांच्या नावाने फिरला. डॉक्टरांनी असं काही म्हटलेलं नाही, हे संस्थेला जाहीर करावं लागलं. तो मेसेज आजही अधूनमधून उगवतो. घरच्या ग्रुपवर मावशीने तो टाकला, तर पुढचं उत्तर चालेल:

'मावशी, टाटा हॉस्पिटलनेच सांगितलंय की कॅन्सरवर नारळपाण्याचा असा काही उपाय नाही आणि डॉक्टरांचं नाव कोणीतरी परस्पर वापरलंय. मोठं नाव दिलं की आपला चटकन विश्वास बसतो, म्हणून असं करतात. नारळपाणी प्यायला काही हरकत नाही, पण त्या भरवशावर कोणी उपचार थांबवू नयेत. तू सगळ्यांची काळजी करतेस म्हणून पाठवलंस, ते माहीत आहे.'

या उत्तरातलं दुसरं वाक्य महत्त्वाचं आहे. नुसतं 'खोटं' म्हटलं की मनात पोकळी राहते आणि खोटी गोष्ट पुन्हा तिथे येऊन बसते. हॉलिन जॉन्सन आणि कॉलीन सायफर्ट यांनी 1994 मध्ये हे छान दाखवलं. लोकांना एका गोदामाच्या आगीची हकिगत वाचायला दिली. आधी सांगितलं की एका खोलीत तैलरंग आणि गॅसचे सिलिंडर होते. नंतर सांगितलं की ती माहिती चुकीची होती, खोली रिकामी होती. तरीही आग का भडकली असं विचारल्यावर लोक रंग आणि सिलिंडरकडेच बोट दाखवत राहिले. आग मुद्दाम लावल्याची चिन्हं सापडली, असं दुसरं कारण दिल्यावरच पहिल्या गोष्टीची पकड सैल झाली. म्हणून खोडताना जागा भरून द्या: हा व्हिडिओ कुठला, तो कोणी बनवला, तो का फिरवला गेला.

आणखी काही साधे नियम:

लवकर बोला. पहिल्या चार 'धन्यवाद' आणि हात जोडलेल्या खुणांच्या आधी दुरुस्ती आली, तर उत्तम.

चूक मेसेजची म्हणा, माणसाची म्हणू नका. 'तुम्ही खोटं पसरवताय' याऐवजी 'हा मेसेज जुना आहे'. नातं जपलं गेलं तर पुढच्या वेळी तेच काका आधी तुम्हाला विचारतील.

एकदा सांगा, पुराव्याचा एक दुवा द्या आणि थांबा. वाद वाढला तर खासगीत फोन करा.

दुसरं कोणी दुरुस्ती केली तर तिला पाठिंबा द्या. 'बरोबर, मीही तपासलं' हे तीन शब्द एकट्या पडलेल्या माणसाला बळ देतात.

ग्रुप ॲडमिन असाल तर नियम आधीच लिहून ठेवा: आरोग्य, दंगल, बेपत्ता मुलं आणि पैशांच्या योजना यांबद्दलचा मेसेज खातरजमा केल्याशिवाय टाकू नये. दुसऱ्या सदस्याच्या मेसेजसाठी, समान हेतू किंवा आधी ठरवून केलेला कट नसेल तर, ॲडमिनला गुन्हेगार धरता येत नाही, असा निर्णय मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने 2021 मध्ये दिला आहे. कायद्याने सुटका असली तरी शेजारधर्माने नाही.

पैशांबद्दल एक वेगळी सूचना. फसवणुकीचा मेसेज असेल आणि कोणाचे पैसे गेले असतील, तर चर्चेत वेळ घालवू नका. 1930 या सायबर हेल्पलाइनवर लगेच तक्रार करायला लावा.

एक व्याख्यान पुरत नाही

शाळेत, महिला मंडळात किंवा ग्रंथालयात 'फेक न्यूज ओळखा' असं व्याख्यान ठेवायचा विचार असेल, तर बिहारमधले दोन प्रयोग माहीत असायला हवेत. 2019 च्या निवडणुकीच्या काळात बद्रीनाथन यांनी 1,224 लोकांना घरी जाऊन तासाभराचं प्रशिक्षण दिलं. खोट्या बातम्या ओळखण्यात सरसकट सुधारणा दिसली नाही. भाजपकडे कल असलेले लोक आपल्या पक्षाला सोयीच्या खोट्या बातम्या ओळखण्यात उलट मागे पडले. राजकीय ओढ तासाभरात सुटत नाही.

दुसऱ्या प्रयोगात बद्रीनाथन, शोशार आणि सहकाऱ्यांनी मार्ग बदलला. 583 गावांतल्या 13,500 हून अधिक शाळकरी मुलांना घेऊन काही आठवडे वर्ग चालवले. भर आरोग्याविषयीच्या दाव्यांवर होता. या मुलांना खरं-खोटं अधिक चांगलं ओळखता येऊ लागलं, काही महिन्यांनीही तो फरक टिकला, न शिकवलेल्या राजकीय बातम्यांतही तो दिसला आणि त्यांच्या आईवडिलांपर्यंतही पोचला.

आपल्याकडच्या शिक्षकांनी आणि ग्रंथालयांनी यातून चार गोष्टी घ्याव्यात. मुलं लहान असतानाच सुरुवात करावी. एका व्याख्यानाऐवजी तीन-चार बैठका घ्याव्यात. राजकारणाआधी काढे, लसी, आहार असे विषय घ्यावेत. आणि प्रत्येक बैठकीत मुलांनी स्वतः एक फोटो किंवा एक दावा शोधून तपासावा. शिक्षकांनी निकाल सांगण्यापेक्षा तो मुलांना सापडू द्यावा.

संशोधनाची बातमीही तपासावी

खोट्या माहितीवरच्या संशोधनाच्या बातम्यासुद्धा पुष्कळदा फुगवलेल्या असतात. याचं जुनं उदाहरण 30 ऑक्टोबर 1938 चं आहे. ऑर्सन वेल्स यांनी अमेरिकेतल्या रेडिओवर मंगळावरच्या प्राण्यांनी पृथ्वीवर हल्ला केल्याचं नाटक बातम्यांच्या धाटणीत सादर केलं. दुसऱ्या दिवशीच्या वृत्तपत्रांनी देशभर हाहाकार माजल्याचं छापलं. 1940 मध्ये हॅडली कँट्रिल यांच्या पुस्तकाने या कथेला विद्यापीठाचं वजन दिलं. पण त्या रात्रीच्या श्रोत्यांच्या पाहणीत हे नाटक ऐकणारे फक्त दोन टक्के निघाले होते. काही लोक घाबरले हे खरं, देश रस्त्यावर आला हे खरं नाही. जाहिराती पळवणाऱ्या रेडिओवर वृत्तपत्रांचा राग होता, हेही ध्यानात घ्यावं लागतं. माध्यमं माणसाला कशी नाचवतात, याचा दाखला म्हणून वर्षानुवर्षं सांगितली गेलेली ही गोष्ट स्वतःच माध्यमांनी वाढवलेली होती.

म्हणून 'अभ्यासातून सिद्ध' असं वाचलं की तीन प्रश्न विचारा. कोणाचा अभ्यास झाला? एमआयटीचा अभ्यास ट्विटरवरचा आणि तथ्यतपासणी झालेल्याच बातम्यांचा आहे, आपल्या व्हॉट्सॲप ग्रुपचा नाही. काय मोजलं? एखादी गोष्ट दिसणं, ती खरी वाटणं, ती पुढे पाठवणं आणि तिच्यामुळे वागणं बदलणं, या चार वेगळ्या गोष्टी आहेत. 2020 च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये चिकनमुळे करोना होतो ही अफवा पसरली, मागणी कोसळली आणि महाराष्ट्रातल्या कुक्कुटपालकांना कोंबड्या मातीमोल भावाने विकाव्या लागल्या. तिथे वागण्यातला बदल उघड दिसत होता. दर वेळी तसं होतंच, असं नाही. आणि तिसरा प्रश्न, किती मोठा परिणाम? 2020 मधल्या एका अभ्यासात अमेरिकी लोकांच्या रोजच्या एकूण माध्यम-सेवनात खोट्या बातम्यांचा वाटा 0.15 टक्के निघाला. म्हणजे प्रश्न नाही असं नव्हे, पण सगळं जग खोट्यात बुडालंय ही समजूतही तपासून घ्यावी.

कारण अतिसंशयही घातक आहे. सगळंच खोटं म्हणणारा माणूस खऱ्या पूरइशाऱ्यावरही विश्वास ठेवत नाही. डब्ल्यू. फिलिप्स डेव्हिसन यांनी 1983 मध्ये आणखी एक मानवी खोड नोंदवली. माध्यमांचा परिणाम इतरांवर होतो, माझ्यावर नाही, असं प्रत्येकाला वाटतं. हा लेख वाचताना तुम्हाला दुसऱ्याच कुणाचे चेहरे आठवले असतील, तर आज रात्री आपला फोन उघडा आणि स्वतः पाठवलेले शेवटचे दहा फॉरवर्ड पाहा. आपल्या मताला सोयीचे होते म्हणून न तपासता किती पाठवले, ते मोजा.

1940 च्या अमेरिकी अध्यक्षीय निवडणुकीत ओहायोतल्या एका परगण्याचा अभ्यास करताना पॉल लाझार्सफेल्ड आणि सहकाऱ्यांना आढळलं की, मत ठरवताना लोक रेडिओ-वृत्तपत्रांपेक्षा ओळखीच्या माणसांचं अधिक ऐकतात. तेव्हापासून साधनं कितीतरी बदलली, पण ओळखीच्या माणसाच्या शब्दाचं वजन कमी झालेलं नाही. खोटा मेसेज त्याच वजनावर फिरतो आणि दुरुस्तीही त्याच वजनावर पोचते. तेव्हा पुढच्या वेळी ग्रुपवर काही खटकलं तर गप्प बसू नका. तपासा, नम्रपणे दोन ओळी लिहा, आणि दुसऱ्याने लिहिल्या असतील तर त्याच्या बाजूने उभे राहा.